कुठून कुठपर्यंत?

झेरॉक्सच्या दुकानात पुस्तक पुढे सरकवले की काउंटरपलीकडून काका मान वर न करता एकच प्रश्न विचारतात, ‘कुठून कुठपर्यंत?’ पुण्यात कायद्याचा अभ्यास करू लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की वर्गात प्राध्यापकांनी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा तो माझ्या अधिक परिचयाचा आहे. त्याचे उत्तर देणे मात्र वाटते तितके सोपे नसते. ग्रंथालयातून थोड्या वेळाच्या बोलीवर बाहेर आणलेले जाडजूड पुस्तक, मागे वाढत चाललेली रांग, पर्समधले मोजके पैसे आणि पानाला लागणारे रुपया-दोन रुपये यांचा मेळ घालत तिथल्या तिथे ठरवावे लागते, की अज्ञानाने, म्हणजे अल्पवयीन व्यक्तीने, केलेल्या करारावरचे प्रकरण अखंड घ्यायचे, की 1903 सालच्या मोहरी बिबी खटल्याची चर्चा आहे तेवढीच पाने पुरे. उत्तर द्यायचे तर निदान अनुक्रमणिका पाहिलेली असावी लागते, प्रकरण चाळलेले असावे लागते, कुठे लेखक नवे काही सांगतो आहे आणि कुठे मागचेच घोळतो आहे याचा अंदाज आलेला असावा लागतो. दुकानात जाण्यापूर्वी पुस्तकात कागदाचे कपटे घालत बसणे हा माझ्या अभ्यासातला सर्वांत एकाग्र वेळ असतो, असे म्हटले तर आमच्या प्राध्यापकांना वाईट वाटेल, पण ते खरे आहे.

त्याच काउंटरवर अभ्यासाशी संबंध नसलेले लोकही उभे असतात. सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, दोन्ही बाजू एकाच पानावर घेतलेले आधारकार्ड असे कागद एकामागून एक काचेखाली जातात. 2024च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा आमच्या भागातल्या दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागत आणि कोणत्या अर्जाला काय जोडायचे हे काका कोणत्याही सरकारी खिडकीपेक्षा अधिक सोप्या शब्दांत सांगत. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की हेच दुकान एकाएकी संशयित ठरते, कारण परीक्षा केंद्राच्या ठरावीक अंतराच्या आतली झेरॉक्स केंद्रे बंद ठेवण्याचे आदेश निघतात. गाइडची पाने नखाएवढ्या अक्षरांत उतरवून देणारी ‘मायक्रो’ हीसुद्धा याच यंत्राची करामत असते, तेव्हा त्या संशयाला अर्थ नाही असे म्हणवत नाही.

हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघाले तो माणूसही कायद्याचा विद्यार्थी होता, हे समजले तेव्हा मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. 1930च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसन दिवसा एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करी आणि रात्री कायद्याच्या वर्गांना जाई. कायद्याची पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे तो सार्वजनिक ग्रंथालयात बसून त्यांतले उतारे हाताने लिहून काढी. कचेरीतही पेटंटच्या कागदांच्या प्रती कधी पुरत नसत. या दोन्ही जाचांतून सुटण्यासाठी त्याने प्रयोग सुरू केले आणि 22 ऑक्टोबर 1938 रोजी अस्टोरिया भागातल्या एका खोलीत, ओटो कॉर्नाय या साहाय्यकाच्या मदतीने, गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणला. तारीख आणि जागेचे नाव लिहिलेली काच त्यावर ठेवून प्रखर दिवा लावला, मग भुकटी टाकून फुंकर मारली, तेव्हा अक्षरांच्या जागी तेवढी भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उतरवून तापवली आणि पहिली प्रत तयार झाली. पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला, आणि कचेरीत सहज वापरता येईल असे हॅलॉइड झेरॉक्स कंपनीचे ‘914’ हे यंत्र लोकांपुढे यायला 1959चा सप्टेंबर उजाडला. ते सुमारे 300 किलो वजनाचे होते आणि कधीकधी त्यातला कागद पेट घेई, म्हणून कंपनी सोबत आग विझवण्याचे नळकांडेही देत असे. आजही दुकानातून हातात येणारे पान कोमट असते ते उगाच नव्हे. शाईची कोरडी भुकटी तापलेल्या रुळाखाली वितळवूनच कागदावर बसवावी लागते.

कार्लसनच्या आखडलेल्या बोटांविषयी मला सहानुभूती आहे, तरी एक गोष्ट मनातून जात नाही. हाताने उतरवून घेणाऱ्याला प्रत्येक वाक्यापाशी ठरवावे लागत असे की हे लिहिण्याजोगे आहे की नाही. यंत्र आले आणि हा निर्णय वाक्यावरून पानावर गेला. निर्णयांची संख्या कमी झाली, पण निर्णय उरला, कारण प्रत्येक पानाला पैसे पडत होते. विद्यार्थ्याच्या जगात पैशाची चणचण हे दुःखच आहे आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. मात्र त्या चणचणीने अनेकांकडून नकळत एक काम करवून घेतले, जे एरवी आपण होऊन कोणी केले नसते.

आमच्या अभ्यासक्रमात झेरॉक्सच्या दुकानाचा एक गाजलेला खटलाच आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. तिथे प्राध्यापकांनी वेगवेगळ्या पुस्तकांतून निवडून दिलेल्या प्रकरणांचे संच विद्यार्थ्यांना मिळत. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला आणि 1957च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 शिकवण्याच्या ओघात केलेल्या अशा नकलांना मुभा देते, असा अर्थ लावला. (‘914’ यंत्र न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा जाहीरपणे दाखवले गेले तीही 16 सप्टेंबरच होती, योगायोग एवढाच.) त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये खंडपीठाने हा अर्थ मुख्यतः कायम ठेवून काही मुद्दे पुन्हा तपासणीसाठी पाठवले आणि मार्च 2017मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. या निकालातला मला सर्वांत आवडणारा भाग कायद्याचा नाहीच. आपण कायदा शिकत होतो तेव्हा विद्यार्थी आळीपाळीने ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत, अशी आठवण न्यायमूर्तींनी त्यात नोंदवली आहे. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयातला कार्लसन आणि दिल्लीतले हे विद्यार्थी यांच्यामध्ये चाळीसएक वर्षांचे अंतर, पण बाक जणू एकच.

दुकानदाराची बाजू घेताना मी प्रकाशकांना सरसकट खलनायक मानत नाही. मराठीत कायद्यावर लिहिणारे लेखक आधीच थोडे आहेत, आणि त्यांचे सबंध पुस्तक पाठपोट छापून स्पायरल बाइंडिंगमध्ये फिरू लागले तर पुढची आवृत्ती कोण काढणार, हा प्रश्न खराच आहे. दिल्लीच्या त्या संचांचे वेगळेपण असे की त्यांत ‘कुठून कुठपर्यंत’ या प्रश्नाचे उत्तर विषय जाणणाऱ्या माणसाने विचार करून दिलेले होते. त्या गठ्ठ्यात कागदापेक्षा मोलाची वस्तू होती ती ही निवड.

मोबाइलवरची पीडीएफ हा प्रश्न विचारतच नाही. गटात कोणीतरी सबंध ग्रंथ टाकतो, बोटाच्या एका स्पर्शाने तो माझ्याकडे येतो, आणि ‘अभ्यास’ नावाच्या फोल्डरमध्ये आधीच्या ग्रंथांच्या शेजारी जाऊन बसतो. पुस्तक मिळवल्याचे समाधान वाचल्याच्या समाधानासारखेच असते, ही त्यातली मोठी फसगत आहे. असे असूनही पीडीएफला नावे ठेवण्याआधी मी दहादा विचार करते, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी नीट ग्रंथालय नसलेल्या महाविद्यालयांतली मुले याच फाइलींवर शिकतात. जानेवारी 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे ई-एससीआर संकेतस्थळ विनामूल्य खुले झाले आणि एरवी कुलूपबंद कपाटांतल्या खंडांत असणारे हजारो निकाल एखाद्या तालुक्याच्या गावातल्या मुलीला घरबसल्या वाचता येऊ लागले, त्यांतले काही मराठीतसुद्धा. ही क्रांतीच आहे. फक्त हजारो निकालांपैकी पहिला कोणता उघडायचा, हे त्या मुलीला कोण सांगणार, याची सोय त्या संकेतस्थळावर नाही.

ती सोय करण्याचा दावा आता कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप करतात. निकाल टाकला की पाच ओळींत सार मिळते, आणि ‘पूर्ण वाचायला हवा का’ हा प्रश्न मनात उगवण्याआधीच मिटतो. पुराव्याच्या कायद्यात झेरॉक्स प्रत हा दुय्यम पुरावा मानतात. पूर्वी हे 1872च्या कायद्याच्या कलम 63मध्ये होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 58मध्ये आहे. मूळ कागद कुठे आहे आणि तो का आणता येत नाही याचा हिशेब दिल्याखेरीज अशा प्रतीवर सहसा विसंबता येत नाही. हा नियम शिकताना मला तो निव्वळ कारकुनी वाटला होता. मग 2023 सालची न्यूयॉर्कमधली घटना वाचनात आली. तिथल्या वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले खटले न्यायालयापुढे आधार म्हणून ठेवले. त्यांतले अनेक खटले कधी झालेच नव्हते, आणि वकिलांना 5000 डॉलरचा दंड झाला. मूळच नसलेल्या कागदाची इतकी स्वच्छ प्रत काढण्याची कल्पना 1872च्या मसुदाकारांना सुचली नसती, कार्लसनला तर नाहीच नाही.

आमच्या पिढीला हा सारा विचार करण्याची सक्ती एका वेगळ्याच कारणाने झाली. 1 जुलै 2024 रोजी नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि वरच्या वर्गांकडून खालच्या वर्गांकडे झेरॉक्सची झेरॉक्स होत आलेल्या, कडेला अनोळखी अक्षरांत टिपणे असलेल्या नोट्स एका रात्रीत जुन्या झाल्या. 302 हे खुनाचे कलम 103 झाले, फसवणुकीचे 420 आता 318मध्ये जाऊन बसले, आणि 511 कलमांच्या जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी 358 कलमांची भारतीय न्याय संहिता आली. उतरवून घ्यावे असे कोणाकडे काही नव्हते, म्हणून आम्ही काही मैत्रिणींनी नव्या नोट्स स्वतः लिहायला घेतल्या. लिहिण्यास फारसा वेळ लागला नाही. काय गाळायचे यावरच्या भांडणांत मात्र कितीतरी संध्याकाळी गेल्या. कलम 111मधल्या संघटित गुन्हेगारीला किती जागा द्यायची, महाराष्ट्रात 1999पासून मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आहे तेव्हा त्याच्याशी तुलना इथे करायची की ती वेगळ्या विषयासाठी ठेवायची, जुन्या राजद्रोहाच्या जागी चर्चेत असलेले 152 हे कलम नुसते द्यायचे की त्यावरच्या आक्षेपांसह, अशा प्रत्येक मुद्द्यावर कोणाला तरी आपले म्हणणे मागे घ्यावे लागले, आणि त्यासाठी मूळ कायदा पुन्हा उघडावा लागला. सर्वांत मोठा वाद जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्यावरून झाला. तो कोणत्याही मोबाइलवर सापडतो, तेव्हा त्याने आपली पाने अडवू नयेत असे माझे मत होते आणि बहुमतही तसेच पडले. ज्यांना तो हवाच होता त्या दोघींनी तो वेगळ्या कागदावर तयार करून काकांच्या दुकानात ठेवला आहे. तो दोन रुपयांना मिळतो, आणि आमच्या नोट्सपेक्षा जोरात खपतो.