रेदोंदेलात बॅगा अडकल्या तो दिवस

स्पेनमधल्या तुईहून सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रापर्यंत चालत जायचं म्हणजे 100 किलोमीटरच्या थोडं वरच. यात्रेच्या प्रमाणपत्राला किमान तेवढी पायपीट लागते, म्हणून आमचे ग्रुप तिथूनच सुरू होतात. टूर मॅनेजर म्हणून माझा जीव असतो बॅगांमध्ये. माणसं चालतात, बॅगा गाडीने पुढे जातात.

त्या रविवारी गाडी आलीच नाही. आमचा मुक्काम होता स्पेनच्या गालिसिया भागात, विगोच्या खाडीजवळच्या रेदोंदेला गावात. ड्रायव्हरचा फोन आला, रस्ता बंद, गाडी लांब उभी आहे. खाली जाऊन बघतो तर गल्लीभर फुलांचे गालिचे. कॉर्पस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाची मिरवणूक! इथल्या फुलांवरून चाक नेणार कोण?

ग्रुपमधले एक निवृत्त काका तापलेच. "अहो, आम्ही चालायचे पैसे भरलेत, वराती बघायचे नाहीत!"

एवढ्यात गायता वाजू लागली. हे तिथलं बॅगपाइपसारखं, पिशवीचं वाद्य, आवाज छातीत घुसणारा. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष तलवारी घेऊन साखळीने नाचत आले. गावची आख्यायिका अशी, की समुद्रातून कोका नावाचा राक्षसी सर्प यायचा आणि तरण्या पोरी पळवायचा. दर्यावर्दींनी तलवारींनी त्याला मारलं आणि त्या आनंदात हा नाच झाला. धर्माचा सण आणि ही कथा एकत्र कशी नांदतात, असा प्रश्न तिथे कुणालाच पडलेला दिसला नाही.

मग आल्या पेनला, पंख लावलेल्या, देवदूतांच्या वेशातल्या लहान मुली. त्या नाचतात बायकांच्या खांद्यांवर. त्या बायकांना बुर्रा म्हणतात. सगळे मोबाइल वर, मुलींकडे. आमच्या जोशीकाकू मात्र खाली बघत होत्या. "अरे, नाचतीय खरी ही बाई!" त्या म्हणाल्या, आणि खरंच होतं ते. ठेका तिच्या पावलांत होता, मान ताठ, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. वरची पोर निवांत हात हलवत होती.

नाच थांबला, मुलगी खाली उतरली आणि ओठ काढून रडायलाच लागली. काकूंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढली, आधी बुर्राला दाखवली. ती मान डोलावून हसली. मग दुसरी गोळी तिने स्वतःसाठीही मागून घेतली. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती, पण गुडघ्यांवरून बरंच बोलणं झालं.

दुपारी गाडी आत आली. पुढच्या पोन्तेवेद्रा शहरापर्यंतचे वीसेक किलोमीटर आम्ही उशिराच सुरू केले, पण जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, निभलं.

वाटेत काकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी ही तारीख धरून टूर काढाल का? भावाला पाठवतो." तारीख ईस्टरवरून ठरते, दरवर्षी सरकते, हे मी त्यांना सांगितलं. आता तारखा लावताना आधी ईस्टर बघतो. बॅगांची गाडी मात्र आदल्या रात्रीच गावाबाहेर लावायला सांगतो.