गोष्टच सांगायची, तर फासे कशाला?

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे पाच जणांचा कल्ला असतो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. दोन्ही दारं उघडीच असतात, त्यामुळे सगळं त्यांच्या कानावर जातं. "मी दार मोडतो." "टाक." "नऊ." "नाही मोडलं." एकदा चकल्यांचा डबा द्यायला आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "अगं, गोष्ट सांगतो म्हणतेस, मग सारखे फासे कसले टाकता? आणि फासेच टाकायचे, तर गोष्टीची उठाठेव कशाला?"

हाच प्रश्न मला ऑफिसात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि एका डेंटिस्टने तर माझ्या तोंडात आरसा घालून विचारलाय. (तो डेंटिस्ट आता आमच्यात खेळतो.) दर वेळी मी काहीतरी अर्धवट सांगून सुटते. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून आज बैठक मारून सांगते.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, आम्ही डी अँड डी म्हणतो. चौघं एकेक पात्र घेतात. मी डीएम, म्हणजे उरलेलं सगळं जग माझ्याकडे: ओढा, पाऊस, सराईचा मालक, राक्षस. आपलं पात्र काय करतं ते त्यांनी सांगायचं, त्यावर काय होतं ते मी. जिथे काय होईल हे कुणालाच ठाऊक नाही, तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. पडलेल्या आकड्यात पात्राच्या अंगातलं बळ मिळवायचं. दार जड आहे, मी १५ धरलेत. १३ पडले, ताकदीचे ३, झाले १६. मोडलं दार. यापलीकडचे शेकडो पानांचे नियम हा याच कल्पनेचा संसार आहे.

हे फासे मुळात लढाईतून आले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात गॅरी गायगॅक्स आणि त्यांची मित्रमंडळी टेबलावर चिमुकले सैनिक मांडून मध्ययुगीन लढाया खेळत. १९७१ मध्ये त्या लढायांच्या नियमांचं 'चेनमेल' नावाचं पुस्तक निघालं. तिकडे मिनेसोटात डेव्ह अर्नेसन यांनी पलटणीऐवजी प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच माणूस दिला आणि सगळ्यांना ब्लॅकमूर नावाच्या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवलं. दोघांनी मिळून १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांचा एक खोका काढला, तोच पहिला डी अँड डी. पलटणीतले वीस गेले तर आपण आकडा खोडतो. एकच असला की त्याला नाव ठेवावंसं वाटतं. मला वाटतं, गोष्ट आत शिरली ती तिथून.

त्या जुन्या खेळातला एक नियम माझा फार लाडका आहे. पात्राला अनुभवाचे गुण मिळतात, ते साठले की ते वरच्या पायरीवर जातं. तेव्हा भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक गुण मिळायचा. राक्षस मारण्याचेही होते, पण १९७५ च्या पुरवणीत ते इतके कापले की खरी कमाई खजिन्याचीच उरली. पुढे वारं फिरलं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गुण शत्रूवर मात केल्याचे, आणि सोन्याचं मोल बाजारापुरतं.

मी एकदा मुद्दाम करून पाहिलं. एकच भुयार दोन वेगळ्या गटांना दिलं. मारण्याचे गुण असलेल्या गटाने पहिल्या दालनातच तलवारी उपसल्या आणि संध्याकाळभर त्या म्यान केल्या नाहीत. दुसऱ्या गटाला सांगितलं की नाण्याला गुण, मारण्याला काही नाही. त्यांनी पहारेकरी राक्षसाला खारवलेलं मटण देऊन गप्प केलं आणि मग पाऊण तास फक्त एका गोष्टीवर काथ्याकूट केला: चार माणसांच्या वजनाची पितळी घंटा अरुंद जिन्यावरून आवाज न होता वर कशी न्यायची. शेवटी लोलकाला डेंटिस्टच्या पात्राचा सदरा गुंडाळला आणि तो थंडीत उघडा चालत राहिला. मी गोष्टीतलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलला होता तो मोबदला. एका गटाची झाली लढाईची गोष्ट, दुसऱ्याची चोरांची.

म्हणून नियम म्हणजे गोष्टीच्या पायातली बेडी असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नियम गोष्टीच्या आतच असतो, पिठात मीठ असतं तसा.

'ड्रेड' नावाचा एक भुताखेतांचा खेळ २००५ मध्ये आला. त्यात फासे नाहीतच. टेबलाच्या मधोमध जेंगाचा मनोरा, ५४ ठोकळ्यांचा. पात्राने काही धोक्याचं करायचं तर खेळाडूने एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. नको असेल तर हात मागे घ्यायचा, मग ते काम जमलं नाही असं धरायचं. मनोरा ज्याच्या हातून पडला, त्याचं पात्र संपलं. आम्ही हा मालवणला मामाच्या घरी खेळलो, पावसात, लाईट गेलेली. डी अँड डीमध्ये हीच मंडळी भुताला घाबरत नाहीत. आपले ४० हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, शिल्लक आहेत हे कागदावर दिसत असतं. इथे तळघराचं दार उघडायचं होतं आणि मेहुण्याने चक्क श्वास रोखला होता. मी भयानक वर्णन वगैरे काही केलं नाही. त्याच्या बोटांची थरथर मनोऱ्याला कळत होती, तेवढं पुरलं. सगळ्यांत जास्त टिकला डेंटिस्ट. हात सरावाचा.

आता माझी चूक सांगते, कारण उत्तर खरं तिथे आहे.

आमच्यात एक मुलगी आहे, सीएची आर्टिकलशिप करते. तिचं पात्र भिकोबा, खाणीत वाढलेला बुटका योद्धा. कुणी कुणाचं किती देणं लागतो हे तो एका लाल वहीत मांडून ठेवायचा. वही खरीच होती, तुळशीबागेतून आणलेली, जमा-नावे आखलेली. भिकोबा आम्हा सगळ्यांचा लाडका. एका शनिवारी त्याचे ४ हिट पॉइंट उरलेले, समोर गदा घेतलेला राक्षस. तेव्हा मी माझ्यापुढे लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा आडोसा ठेवायचे आणि माझे फासे त्यामागे टाकायचे. १८ पडले. मी म्हटलं, "चुकला." पुढच्या वेळी २० पडले. "थोडक्यात चुकला." तिसऱ्यांदाही तेच केलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, राक्षस मेला, मी खूश.

खाली पार्किंगमध्ये स्कूटी काढताना ती म्हणाली, "ताई, मला कच्चा लिंबू केलंस ना?"

मी उगाच हसले. ती हसली नाही. "मग घाटात वाचले होते, तेही तूच वाचवलं होतंस?"

लहानपणी कच्चा लिंबू झालेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. सगळे आपल्यामागे धावतात, आपण जीव खाऊन पळतो, पण आपल्यावर राज्य कधीच येणार नसतं. दादा-ताई हे सगळं प्रेमानेच करतात. पण आपण खेळात नसतो. घाटातल्या त्या रात्री मी खरंच काही केलं नव्हतं, ती स्वतःच्या फाशावर वाचली होती. पण ते आता मी कुठल्या तोंडाने सांगणार? एका संध्याकाळच्या दयेने मी तिची मागची दीड वर्षं खोटी करून ठेवली होती. पुठ्ठा रद्दीत गेला. तेव्हापासून माझे फासे सगळ्यांसमोर पडतात.

दोनेक महिन्यांनी भिकोबा बाण लागून दोरीच्या पुलावर मधोमध कोसळला. शून्य हिट पॉइंट. नियम असा की अशा वेळी दर पाळीला वीसचा फासा टाकायचा. १० किंवा वर पडले तर तग धरला, खाली पडले तर एक पाऊल मरणाकडे. तीनदा तग धरला तर जीव राहतो, तीनदा हुकलं तर गेला. मेहुण्याच्या वैद्याचे मंत्र संपलेले, आणि त्याला पुलापर्यंत पोचायला अजून एक पाळी हवी होती. त्याने नकाशावरचे चौकोन दोनदा मोजले. तिने टाकले १४. मग ६. मग ११. मग ४. दोन-दोन. पाचव्यांदा फासा चकल्यांच्या डब्याला आपटला आणि थांबला. ९.

कुणी बोललं नाही. तिने पेनाला टोपण लावलं. मग चोराचं पात्र खेळणारा हळूच म्हणाला, "मी त्याच्या बावीस मोहरा देणं लागतो."

काकू, त्याच रात्री तुम्ही विचारलंत, "गोष्ट तुमचीच ना? मग मारलात कशाला त्याला?" आम्ही नाही मारला. आमच्यातल्या कुणी लिहायला घेतलं असतं, तर भिकोबा ड्रॅगनसमोर दोन वाक्यं बोलून पडला असता. ९ वर, पुलाच्या मधोमध, बावीस मोहरांचा हिशेब उघडा ठेवून त्याला मारायचं कुणाच्या मनात आलं नसतं, आणि आलं असतं तरी हात धजला नसता. बावीस मोहरांचं ते वाक्य मात्र फासा तसा पडला म्हणूनच आलं.

आमच्या मालवणकडे जत्रेत दशावतार होतो. त्यालाही लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, आणि मग नट उभ्याउभ्या संवाद रचतात. लहानपणी मला वाटायचं, यांना पुढचं सुचतं कसं? पण संकासुर वेद चोरणार आणि विष्णूच्या हातून मरणार हे पायपेटीवाल्यापासून पुढे बसलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. शेवट पक्का, म्हणून बोलणं मोकळं सोडता येतं. आमच्याकडे शेवटच कुणाला माहीत नसतो, म्हणून तो ठरवायला कुणीतरी तिऱ्हाईत लागतो, आणि तो तिऱ्हाईत कुणाच्याच लाडाला भुलणारा नसावा लागतो.

पण म्हणून ऊठसूट फासे टाकायचे नाहीत. हेही मी चुकूनच शिकले. एका रहस्याच्या गोष्टीत सगळा उलगडा एका पत्रात ठेवला, पत्र टेबलाच्या खणात, आणि खण शोधायला फासा मागितला. चौघांचेही हुकले. पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्या खोलीत पडदे मोजत बसलो. न जमल्यावर काहीच घडत नसेल तर विचारायचंच नाही, सरळ पत्र हातात द्यायचं. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने हा तिढा वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. तिथे दोन साधे फासे, त्यात पात्राचं बळ मिळवायचं. १० किंवा वर आले तर जमलं, ६ किंवा खाली आले तर खेळ चालवणाऱ्याने संकट आणायचं, आणि ७ ते ९ ला जमलं खरं, पण काहीतरी मोजून. बळ शून्य धरलं, तरी दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी १५ या मधल्या घरात पडतात. पत्र मिळालं, पण खण उघडल्याचा आवाज झाला.

परवा ती नवं पात्र घेऊन आली. भिकोबाची बहीण. पाठीवर ढाल, हातात लाल वही, वसुलीला निघालेली. चोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

काकू डब्बा परत न्यायला आल्या होत्या. टेबलावरचा फासा उचलून त्यांनी तळहातावर खुळखुळवला आणि टाकला. १७.

"काय झालं आता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय करत होतात, ते आधी सांगा," ती मुलगी म्हणाली.

काकूंनी डबा खाली ठेवला आणि खुर्ची ओढली.