आमची वाटचाल : जे बदललंच नाही ते पुन्हा कंपाइल कशाला?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी आम्ही यंत्रनियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहितो, सगळं सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत. ग्राहक वाढले तशा कोडच्या ब्रँचेस (समांतर आवृत्त्या) वाढल्या, आणि मर्जचा, म्हणजे एक ब्रँच दुसरीत मिसळायचा, दिवस म्हटला की सगळं ऑफिस बिल्ड (कोड कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून, प्रोग्रॅम तयार करणं) संपायची वाट बघत बसायचं.

मुळाशी जाऊन पाहिलं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं 'मेक' हे बिल्डचं साधन फाइलमधला मजकूर बघत नाही, ती शेवटची कधी लिहिली गेली ती वेळ बघतं. तयार ब्रँच 'मेन' या मुख्य ब्रँचमध्ये घ्यायला आधी मेन चेकआउट केली, म्हणजे कामाच्या फोल्डरमध्ये आणली, की गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन बदललेल्या फाइल जुन्या रूपात लिहितं आणि मर्ज करताना त्याच पुन्हा नव्या रूपात. मजकूर सकाळी कंपाइल झालेलाच, वेळ मात्र आत्ताची. त्यात इतर फाइलींमध्ये सगळीकडे इन्क्लूड होणारी (जोडली जाणारी) एखादी हेडर फाइल असली, की जवळजवळ अख्खा प्रोजेक्ट नव्याने.

मग गिट फाइलला कमिटची (बदल गिटमध्ये नोंदवल्याची) वेळ का देत नाही, असं नवी मुलं हमखास विचारतात. तसं केलं तर जुन्या ब्रँचवर गेल्यावर 'मेक'ला बदल कळणारच नाही आणि चुकीची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) प्रोग्रॅममध्ये लिंक होईल, म्हणजे जोडली जाईल. आमचा कोड यंत्र हलवतो. तिथे वाट बघणं परवडतं, चुकीचं बिल्ड नाही.

आपण ब्रँच काढल्यापासून मेन पुढे गेली नसेल, म्हणजे तिच्यात दुसरं काही आलं नसेल, तर ती चेकआउट करायचीच गरज नाही. आपल्याच ब्रँचवर राहून बदल आणणाऱ्या 'गिट फेच' कमांडला रिमोटच्या (दूरच्या कोडसाठ्याच्या नावाच्या) जागी टिंब द्यायचं आणि पुढे आपली ब्रँच, कोलन, मेन. मेन पुढे सरकते, एकाही फाइलला हात लागत नाही.

पण चारजण एकाच वेळी काम करतात तिथे मेन पुढे गेलेलीच असते. आमचं खरं काम सोपं केलं ते 'वर्कट्री'ने, म्हणजे एकाच कोडसाठ्यातली दुसरी ब्रँच वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून ठेवायच्या गिटच्या सोयीने. जुलै 2015 मध्ये गिट 2.5 बरोबर ती आली. मेनला कायमचं वेगळं फोल्डर, वेगळं बिल्ड. मर्ज तिथेच होतं आणि मेनमध्ये जेवढं नव्याने आलं तेवढंच कंपाइल होतं. जोडीला 'सीकॅश', तो वेळेऐवजी मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ताडून आधीचं ऑब्जेक्ट परत देतो. डिस्क जास्त लागते, ती आम्ही आनंदाने घेतो.

आता ग्राहकाकडे चालू असलेल्या प्रत्येक आवृत्तीची वर्कट्री बिल्डसकट तयार असते. दुपारी शॉपमधून फोन आला तर दुरुस्ती त्याच शिफ्टमध्ये मशीनवर चढते.