चौथी खूण

सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरउतारावरच्या एका शेतात पाणाड्याने, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्याने, चुन्याच्या चार खुणा मारल्या होत्या. तीन 'रत्नां'च्या, एक सोन्याची. रत्नांच्या तीनपैकी दोन ठिकाणी टिकाव-पहारीनेच खणलं तर खरोखर जांभळे स्फटिक निघाले, घमेलं भरून. मग चौथ्या खुणेवर सोनं निघणारच, असं गावाने ठरवून टाकलं आणि पोकलेनवाल्याशी बोलणंही झालं. शेतमालकाच्या पुतण्याला तेवढ्यात शंका आली, म्हणून मला फोन. मी भूविज्ञानवाला; एरवी मला बोअरच्या पॉइंटसाठी बोलावतात, तेही दोन बोअर कोरडे गेल्यावर.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या विहिरीत होतं. उन्हाळ्यात विहीर खोल करताना सुरुंगाने एक पोकळी फुटली आणि आतून पांढरे-गुलाबी स्फटिक बाहेर आले. फर्दापूरकडे लेण्यांच्या पर्यटकांना दगड विकणाऱ्यांपैकी एकाने टोपलीभर माल रोख पैसे देऊन नेला. शेतातला दगड विकला जातो म्हटल्यावर पाणाड्या बोलावला गेला. सगळे त्याला मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मामाचं सामान नीट बघितलं. पाण्यासाठी उंबराचं ओलं बेचकं, हात-दीड हात लांब. दोन्ही फांद्या तळवे वर करून बाहेरच्या बाजूला ताणून धरायच्या. ताणलेल्या बेचक्यात जोर साठलेला असतो. मनगट जरा आत वळलं की ते झटक्याने खाली जातं, कधी हाताची सालटी काढतं. बघणाऱ्याला वाटतं जमिनीने ओढलं. धातू आणि खड्यांसाठी त्याच्याकडे पितळी ब्रेझिंगच्या दोन सळया होत्या, तीन मिलिमीटर जाडीच्या, दीड फूट लांब, टोकाकडून पाच इंचांवर काटकोनात वाकवलेल्या. मुठीत बॉलपेनच्या रिकाम्या नळ्या, त्यात सळईचा आखूड भाग. सोनं शोधायचं तर सळईला लाल दोऱ्याने सोन्याचा मणी बांधायचा, स्फटिक शोधायचा तर स्फटिकाचा तुकडा. "जात जातीला ओढते," इति मामा. खोली काढायची रीत ठरलेली: खुणेवर सळयांची फुली झाली की सरळ चालत जायचं, सळया पुन्हा फाकल्या की थांबायचं, चाललेलं अंतर म्हणजे खोली. सपाट रानात ही रीत निदान एकच आकडा देते. डोंगरउतारावर चढाला चाललात तर एक खोली, उताराला चाललात तर दुसरी. मामाने चढाला चालून सोनं पस्तीस फुटांवर सांगितलं होतं.

नळीतली सळई पूर्ण मोकळी असते. मुठीचा भाग पुढे किंचित झुकलेला असेल तर ती समोर स्थिर राहते. तो अगदी उभा झाला की सळईला कुठेच थारा उरत नाही, आणि अंशभर कलली तरी ती आडवी फिरते. बांध उतरताना, खड्ड्यात पाय पडताना, किंवा 'आता आलंच' असं मनात येताना मनगट नेमकं तेवढं कलतं. हे लबाडीने होत नाही, धरणाऱ्याला कळतही नाही. मी त्याच सळया फळीला भोकं पाडून बसवल्या, फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवली आणि दोघांनी ती फळी विहिरीच्या लोखंडी पाइपावरून नेली. फळी समतल असेतो सळया जागच्या हलल्या नाहीत.

मग झाकून चाचणी. रंगाच्या दहा सारख्या रिकाम्या बादल्या ओळीने उपड्या मांडल्या. एकीखाली काकूंची अंगठी, बाकीच्यांखाली नट. जागा चिठ्ठीने ठरायची, अंगठी ठेवणारा पोरगा लगेच घराआड जायचा, आणि मामाबरोबर थांबणाऱ्यांपैकी कोणालाही जागा माहीत नसायची. ही शेवटची अट फार महत्त्वाची; माहीत असलेला माणूस जवळ असला की त्याची नजर सगळं सांगते. आधी उघडी फेरी केली, अंगठी कुठे आहे ते दाखवून. सळयांनी प्रत्येक वेळी बरोबर जागी फुली मारली. झाकल्यावर नुसत्या अंदाजाने जेवढं बरोबर यावं, तेवढंच आलं, दहात एकाच्या आसपास. मामा चिडला नाही. "बादलीखालचं सोनं ताजं हाय, जमिनीत मुरलेलं न्हाई," म्हणाला. जमलेल्या लोकांना हे उत्तर पटलं, ही खरी अडचण.

पाहुण्यांपैकी कोणीतरी एक 'लाँग रेंज' मशीनही आणलं होतं. पिस्तुलासारखी मूठ, पुढे फिरती अँटेना, डायलवर सोनं-चांदी-हिरा. मागचं झाकण उघडलं: बॅटरी, दिवा, बजर आणि एक छोटं सर्किट. त्यातली एकही तार अँटेनेच्या खिळीपर्यंत जात नव्हती. म्हणजे मामाचीच सळई, फक्त महाग. इराकमध्ये बॉम्ब शोधायला विकलेलं एडीई ६५१ हे यंत्रही याच जातीचं होतं; ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. खऱ्या मेटल डिटेक्टरला नाणं फूटभर खोलीपर्यंत सापडतं, त्यापुढे त्याची मजल कमी. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज इतकं की साध्या दगडावरही तो किंचाळतो. आणि स्फटिक त्याला दिसतच नाहीत, कारण त्यातून वीज वाहत नाही.

इथपर्यंतचं सगळं मला अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हते ते दोन खड्डे.

म्हणून ऑटो लेव्हल लावली, म्हणजे जागांची उंची ताडून बघायची तिपाईवरची दुर्बीण. विहिरीत पोकळी फुटली ती पातळी आणि रत्नांच्या तीन खुणा, चारही एकमेकांपासून फूटभराच्या आत. उतारावर शंभरेक मीटर पसरलेल्या खुणा, आणि पातळी एक! हा योगायोग नव्हे. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले, जवळजवळ आडवे थर. प्रत्येक थराच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकून राहिले, तो विहीर खोदणाऱ्यांचा मांजऱ्या खडक. त्या पोकळ्यांतून पुढे खनिजं विरघळलेलं पाणी फिरलं आणि आत स्टिलबाइट, हुलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी, कुठे जांभळा ॲमेथिस्ट बसला. पुढचा थर यायच्या आधी माथ्याची झीज झाली असेल तर वर तांबड्या मातीचा पट्टा, आपला गेरू. म्हणजे उतारावर गेरू दिसला की त्याच्या लगेच खाली मांजऱ्या, आणि पोकळ्या असल्या तर त्यातच. मामाच्या तिन्ही खुणा गेरूच्या खालच्या कडेवर होत्या. तिसरीत काही निघालं नाही, कारण तिथे वरून घसरून आलेला ढिगारा साचलाय. पातळी बरोबर, पण खाली जागचा खडकच नाही. मामाने ढिगाऱ्याला खडक धरलं.

चहा घेताना त्याला विचारलं, सळया हातात घ्यायच्या आधी काय बघता? त्याने सांगितलं ते माझ्या वहीत आहे: ओघळीत पांढऱ्या गारेच्या कपच्या कुठून सुरू होतात, त्या वरच्या अंगाला कुठे संपतात, नाल्याच्या काठाला मांजऱ्या किती जाड, दगडाच्या छिद्रांना आतून हिरवा रंग आहे का. तो हिरवा रंग सेलॅडोनाइटचा. अशा पोकळ्यांच्या भिंतींना तो असतो, आणि शिकलेल्या पोरांच्याही तो नजरेतून सुटतो. "मग सळई कशाला मामा?" "डोळ्याला दिसतंय, पर नक्की सळईच सांगती की सायेब." तो खोटं बोलत नव्हता. डोळ्याने ओळखायचं, मनगटाने हलायचं आणि श्रेय सळईला द्यायचं, हे त्याच्यात इतकं एकजीव झालंय की त्याला वेगळं करता येत नाही. गेओर्ग अग्रिकोला या जर्मन विद्वानाने खाणकामाच्या आपल्या ग्रंथात १५५६ सालीच हा वाद मांडलाय. चांदीला हेझलची काडी, तांब्याला ॲशची, सोन्याला लोखंड-पोलादाची, असे त्या वेळचे संकेत त्याने नोंदवले आणि पुढे लिहिलं की जाणत्या खाणकामगाराला काडी लागत नाही, त्याने जमिनीवरच्या खुणा वाचाव्यात. मामा खुणा वाचतो. वाचतो हे कबूल करत नाही, एवढंच.

पण सोन्याच्या बाबतीत वाचायला खुणाच नाहीत. सोन्याला जुना खडक लागतो आणि त्यात गारेच्या शिरा. रायचूरकडच्या हट्टीला ते आहे. मराठवाडा आणि रायचूर एकाच हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे 'निजामाची सोन्याची खाण' आमच्या गावागावांत अजून निघते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जुना ग्रॅनाइट उघडा पडतो, तिथे निदान प्रश्न विचारता येतो. अजिंठ्याच्या बेसॉल्टमध्ये सोनं टनामागे मिलिग्रॅमच्या हिशेबात. चौथी खूण त्या ओळीतही नव्हती. ती दहा फूट वर, शेंदूर फासलेल्या दगडांजवळ होती, जिथे गुप्तधनाची गोष्ट आधीपासून सांगतात. मामाचं मनगट तिथे का कललं, हे सांगायला भूविज्ञान लागत नाही. एका मेहुण्याने अमावस्येच्या पूजेचाही विषय काढला. सळई फिरवणं गुन्हा नाही, पण मौल्यवान वस्तू किंवा पाणी शोधायच्या नावाखाली अघोरी प्रकार केले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो, हे मी जरा मोठ्याने सांगितलं. विषय मिटला.

खात्रीसाठी खुणेखालच्या नाल्यातली, दगडांमागे अडकलेली रेती घेतली. तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून पसरट घमेल्यात, पाण्याखाली गोल हलवत धुतली. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, गार अडीचपट, मॅग्नेटाइट पाचपट. तळाशी सोनं आणि काळी रेतीच उरायला हवी. काळी रेती भरपूर उरली. कागदात गुंडाळलेल्या चुंबकाने बरीचशी उचलली, उरलेली भिंगाखाली बघितली. पिवळा कण नाही. काकूंनी पदराआड जपलेला 'सोन्याचा खडा' काढून दिला, तो मधाच्या रंगाचा कॅल्साइट होता. चाकूने ओरखडा पडला आणि सौम्य ॲसिडच्या थेंबाने फेस आला. सोन्यावर हातोडा मारला तर ते चपटं होतं, याचा चुरा झाला.

मी लिहून दिलं: चौथ्या खुणेवर सोन्याची शक्यता नाही. खणलंच तर साताठ फुटांवर गेरू लागेल, दहा फुटांच्या आसपास मांजऱ्या. तिथून पुढे पोकलेनचा ब्रेकर बंद ठेवा, हाताने काम करा, कारण स्फटिक असले तर त्यातच असतील. पोकळी कशी काढायची तेही सांगितलं: स्फटिकांवर घाव घालायचा नाही, भोवती फूटभर दगड ठेवून छिन्नीने चर मारायचा आणि पाचरीने अख्खी गाठ सुटी करायची. धुवायला साधं पाणी, ॲसिड अजिबात नाही. त्याने कॅल्साइट विरघळतो, अपोफिलाइटची चकाकी जाते. जांभळा रंग उन्हात उतरतो, म्हणून माल सावलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि पोकलेन लावायच्या आधी तहसीलची गौण खनिजाची परवानगी, नाहीतर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड.

त्या कागदातलं पहिलं वाक्य कोणी वाचलंच नाही. गावात फिरलं ते एवढंच: "सायेबांनी बी धा फूट सांगितलं." मामाचे पस्तीस मागे पडले आणि माझे दहा फूट सोन्याचे झाले. लोकांना पॉइंट आणि आकडा हवा असतो. सळईने दिला काय, जमिनीचा विद्युतरोध मोजणाऱ्या रेझिस्टिव्हिटी मशीनने दिला काय, ऐकतात एकाच कानाने. बोअरच्या अहवालात 'शक्यता मध्यम' लिहिलं की काका विचारतात, "म्हंजी लावू का नको?"

आठव्या फुटाला गेरू निघाला. मामा म्हणाला, ही सोन्याची राख. दोन फूट खाली मांजऱ्या लागला आणि सोनं जवळ आलं म्हणून ब्रेकर जोरात चालवला. मी पोहोचलो तेव्हा ढिगाऱ्यात जांभळा चुरा चमकत होता आणि नारळाएवढ्या एका पोकळीची अर्धी कवटी बाजूला पडली होती, भिंतीवर हिरवी कड, आत बोटभर स्फटिकांचे मोडलेले बुंधे. फर्दापूरच्या व्यापाऱ्याने चुऱ्याला हात लावला नाही. खड्डा सतरा फुटांपर्यंत गेला, काळ्या फत्तरात ब्रेकरची टीप घासली, आणि पोकलेनचं ताशी भाडं परवडेना म्हणून थांबला. सोनं खाली सरकलं, असं मामाने सांगितलं.

नंतर मामाचाच फोन आला. मी पातळी कशी जुळवली ते त्याने नीट बघितलं होतं, आणि ते मशीन केवढ्याला पडतं, असं विचारत होता. मी म्हटलं, मशीन नको, गवंड्याची पाण्याची नळी घ्या. पारदर्शक, आठ-दहा मिलिमीटरची, वीस मीटर, पाण्यात थोडी हळद, आणि आत बुडबुडा राहू देऊ नका. त्याने घेतली. आता मालक यायच्या आधी सकाळीच नळी लावून ओळ काढून ठेवतो आणि मालक आल्यावर त्या ओळीवर सळया फिरवतो, असं पुतण्या सांगतो. खड्यांच्या खुणा म्हणे पूर्वीपेक्षा बऱ्या लागतात. सोन्याची खूण मारायचे पैसे तो अजून वेगळे घेतो.