उपपानाच्या दुव्यावर नाव किती दिसावे?

एका कार्यपुस्तिकेची विकी मी सांभाळतो. तिच्या मुख्य पानावर बारा उपपानांचे, म्हणजे मूळ पानाच्या नावापुढे तिरपी रेघ (/) देऊन नाव ठेवलेल्या पानांचे, दुवे होते आणि प्रत्येकाची सुरुवात ‘कार्यपुस्तिका/’ अशीच होती, त्यामुळे दर ओळीत तोच शब्द ओलांडल्याशिवाय कामाचा शब्द सापडत नसे. वाचक कोणत्या पानावर आहे ते पाहूनच दुव्याचा मजकूर ठरवावा, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये [[/स्थापना]] असे लिहिले तर दुवा तिरप्या रेघेसकट ‘/स्थापना’ असा उमटतो; शेवटी आणखी एक रेघ देऊन [[/स्थापना/]] लिहिले की नुसते ‘स्थापना’ दिसते. शेजारच्या उपपानासाठी [[../वापर]] लिहिल्यास मूळ पानापासूनचा सगळा मार्ग दिसतो, तर [[../वापर/]] लिहिल्यास फक्त ‘वापर’. शेवटच्या एका रेघेवर इतके अवलंबून असावे, हे मला योग्य वाटत नाही, कारण नवख्या संपादकाला ती रेघ चुकून राहिलेली वाटते आणि तो ती पुसून टाकतो. डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या नावातले विभाग अपूर्णविरामाने (:) वेगळे होतात आणि वेगळा मजकूर दिला नाही तर नावाचा शेवटचा भागच दिसतो. मला हीच पद्धत अधिक सरळ वाटते.

एकाच मूळ पानाच्या उपपानांच्या कुटुंबाबाहेरच्या पानावर मात्र हे छोटे नाव अपुरे पडते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणारे अनेकजण पानावरील दुव्यांची यादी सलग ऐकतात, आणि तिथे नुसते ‘अडचणी’ ऐकून कशातल्या अडचणी हे कळत नाही. दुव्याचा उद्देश समजला पाहिजे, असे डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा 2.4.4 हा निकष सांगतो. म्हणून अशा ठिकाणी मी ‘स्थापनेतील अडचणी’ असा मजकूर हाताने लिहितो.

हे काम यंत्रावर सोपवायचे असेल, तर प्रत्येक तिरपी रेघ उपपानाची नसते हे लक्षात ठेवावे लागते. इंग्रजी विकिपीडियाच्या मुख्य नामविश्वात, म्हणजे लेखांच्या विभागात, उपपाने बंद आहेत, त्यामुळे ‘ओएस/2’ हे तिथे एकाच लेखाचे अखंड नाव आहे. सरसकट छाटणी केली तर दुव्यावर केवळ ‘2’ उरेल.

आमचे बाराही दुवे मी छोटे केले, तेव्हा त्यांतले दोन अगदी सारखे दिसू लागले: ‘वापर/माहिती’ आणि ‘स्थापना/माहिती’ या दोन्हींचे नुसते ‘माहिती’ उरले. त्या दोन पानांची नावेच मला बदलावी लागली.