एज ऑफ खेळणारा स्टारक्राफ्टमध्ये मार का खातो

बेळगावात टिळकवाडी असो की शहापूर, चार गेमवाले जमले की तळ उभारून सैन्य लढवायच्या दोन कॉम्प्युटर गेमपैकी एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) भारी की स्टारक्राफ्ट (१९९८) भारी, यावर चहा थंड होतो. आपल्याकडे बहुतेकांचा हात एज ऑफवर बसलेला. असा माणूस स्टारक्राफ्टला बसला की पाच मिनिटांत आडवा होतो आणि म्हणतो, बोटं हळू पडली. बोटांचं काही नसतं हो. नजर चुकीच्या जागी असते.

एज ऑफमध्ये नजर गड्यांवर लागते. सुरुवातीला तीन व्हिलेजर (काम करणारे गडी), एक स्काउट (टेहळणीवाला), २०० अन्न, २०० लाकूड. व्हिलेजरला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात, म्हणजे हातातल्या अन्नात चार होतात. पण टाउन सेंटर (व्हिलेजर तयार करणारी मुख्य इमारत) पाचच जणांना पुरतं, पुढे घरं लागतात, आणि त्या पाचांतले चार आधीच भरलेले. पहिला नवा व्हिलेजर बाहेर येईपर्यंत घर उभं नसेल, तर सेंटर गप्प बसतं. म्हणून पहिल्या क्षणाला दोघं एका घरावर, तिसरा दुसऱ्या घरावर.

मग रानडुक्कर. यात ३४० अन्न असतं, मेंढीत १००. एक व्हिलेजर बाण मारून त्याला मागे लावतो आणि सेंटरकडे पळतो. डुक्कर दारात आलं की मेंढ्यांवरचे बाकीचे त्याच्यावर सोडायचे. लांबच मारलं तर अन्न वाहण्यातच वेळ जातो. पळणाऱ्याचा जीव (लूम ही जीव वाढवणारी सुधारणा केली नसेल तर २५) संपत आला तर त्याला सेंटरमध्ये घाला, पण लगेच बाहेरही काढा. आत माणूस असला की सेंटर स्वतः बाण मारतं, आणि सेंटरच्या बाणाने डुक्कर मेलं तर त्यातलं कणभर अन्न मिळत नाही. नवशिक्यांची बरीच डुकरं अशीच वाया जातात.

स्टारक्राफ्टमध्ये हे काही नाही. मिनरल आणि गॅस, दोनच गोष्टी, दोन्ही तळाशेजारी. चार कामगार आणि ५० मिनरल हातात, त्यात लगेच पाचवा टाकायचा. पण तयार झालेला कामगार आपणहून खणायला जात नाही. रॅली पॉइंट (नव्याने कुठे जायचं ती खूण) मिनरलवर लावला तरी तिथं जाऊन नुसता उभा राहतो, हाताने कामाला लावावा लागतो. एज ऑफमध्ये मेंढीवर गॅदर पॉइंट लावून निवांत झालेला माणूस इथं फसतो.

त्याहून मोठा फटका बरॅक्सचा, म्हणजे सैनिक तयार करणाऱ्या इमारतीचा. स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी एकच इमारत निवडता येते आणि सैन्याच्या एका गटात जास्तीत जास्त १२ जण. पाच बरॅक्स असतील तर पाच वेळा फेरी मारायची, तीही लढाई चालू असताना. एज ऑफवाला लढाई बघत बसतो. लढाई जिंकतो, मागे बरॅक्स रिकामे. कंटाळून प्रत्येकात पाच-पाच मरीन (बंदूकवाले सैनिक) लावून ठेवतो, तर रांगेतल्या प्रत्येकाचे ५० मिनरल आधीच कापले जातात: ४ फुकट अडकलेले गुणिले ५ बरॅक्स, म्हणजे १००० मिनरल झोपलेले. रांगेत एक चालू, एक पुढचा, बस्स.

तटबंदीचंही तसंच. एज ऑफमधला तट वेळ विकत घेतो, एवढंच. बेळगावचा कोट आठवा: खंदक होता, तट होता, तरी पंधराव्या शतकात बहमनींचा वजीर महमूद गवानने सुरुंग लावून घेतलाच. स्टारक्राफ्टमध्ये उताराच्या तोंडाशी एक सप्लाय डेपो (जास्त सैन्य ठेवू देणारी इमारत) आणि एक बरॅक्स नीट लावले की झर्गलिंगचा (झर्ग बाजूच्या छोट्या धावत्या प्राण्यांचा) पहिला लोंढा बाहेरच अडतो. शिवाय खालून वर गोळी मारणाऱ्याचे जवळपास निम्मे नेम चुकतात. एज ऑफमध्ये उंचीमुळे नेम चुकत नाही, उंचावरून मारलेला घाव फक्त सव्वापट बसतो. म्हणून एज ऑफमध्ये टेकडी हातात ठेवणं फायद्याचं, स्टारक्राफ्टमध्ये ती सोडणं म्हणजे आत्महत्या.

२०२२ साली एज ऑफच्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीत द्रविडियन ही बाजू आली, तेव्हा कर्नाटकवाले म्हणून पुष्कळांनी तेच धरले. मोहीम मात्र राजेंद्र चोळाची, आणि त्यांना नाइट (जड घोडेस्वार) मिळतच नाहीत. घोड्यांवर खेळायची सवय असेल तर नाद सोडा. प्रत्येक नव्या युगात जाताना २०० लाकूड फुकट मिळतं, ते घेऊन पायदळ करा.

स्टारक्राफ्ट शिकायचंच असेल तर मोठी लढाई नको. टेरन (माणसांची बाजू) घ्या, नऊ जण झाले की डेपो, अकरा झाले की बरॅक्स. बरॅक्स कीबोर्डवरच्या ४, ५, ६ अशा आकड्यांना जोडून ठेवा आणि कॉम्प्युटरसमोर आठ मिनिटं फक्त हे बघा की मिनरल ३०० च्या वर साचत नाहीत ना. साचले, तर सैन्याकडे बघू नका. ४ दाबा.