चौकट पडेल तिथंच

आमच्या समुद्रमोहिमेची सुरुवात झाली साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. लक्षद्वीपच्या कदमत बेटावर जाऊन प्रवाळ मोजायचं, तर आधी कोरड्यावर हात बसायला हवा. पवनचक्क्यांखाली ५० मीटरची टेप अंथरली. दर पाच मीटरला पीव्हीसी पाइपची मीटरभर चौकट टाकायची आणि आत जे दिसेल ते लिहायचं, एवढंच काम. पहिलीच चौकट पडली नुसत्या कातळावर. मामांनी ती पायानं हळूच सरकवून गेंदाच्या फुलांवर नेली.

"आरं, दगडाचं काय लिवायचं?"

मी काही बोललो नाही. मामांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

पुढची चाचणी गावच्या विहिरीत. तिथं चौकट बुडेचना, भोपळ्यासारखी तरंगायची! मग प्लंबरकडून पाइपला भोकं पाडून घेतली. आत पाणी शिरलं आणि चौकट गप तळाला बसली.

कोचीहून जहाजानं कदमत. २०२४च्या उन्हाळ्यात इथला समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरं पडलं. त्याआधी १९९८, २०१० आणि २०१६ सालीही पडलं होतं. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला रंग आणि बरंचसं अन्न तेच पुरवतं. पाणी तापलं की प्रवाळ त्यालाच बाहेर काढतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं, नाहीतर उपासमार. सांबरशिंगासारख्या फांद्यांचं अ‍ॅक्रोपोरा आधी जातं. धोंड्यासारखं पोरायटीस बऱ्याचदा तगतं.

लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यात, तोंड घातलं आणि पहिल्यांदा ऐकू आलं ते कुरकुर कुरकुर. पोपटमासे मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडत होते. टेपखाली मोडक्या फांद्यांचा खच. हातभर अंतरावर मात्र एक जिवंत, तपकिरी पोरायटीस आणि त्याभोवती पिवळ्या फुलपाखरू माशांची जोडी. प्रवाळाचे जीव टिपून खाणारे हे मासे, म्हणून त्यांचीही मोजदाद असते.

लाटेनं मामांची चौकट नेमकी त्या पोरायटीसवर नेली. माझ्या पोटात गोळाच आला. मामांनी क्षणभर खाली पाहिलं, चौकट धरून मागं ओढली, टेपवरचा आकडा जुळवला आणि पाटीवर पेन्सिल टेकवली.

किनाऱ्यावर येऊन पाटी वाचली: तुकडे. तुकडे. शेवाळ. तुकडे.

चहा पिताना मामा म्हणाले, "त्यो सड्यावरचा कागद हाय न्हवं? पयली चौकट खोड. कातळ लिव."